आईच्या वेडाचा दाखला

ला सिएनेगिता, न्यू मेक्सिको
१४ एप्रिल १९९८

प्रिय नाझारियो,

तुला, शेरिलला आणि सॅमला ईस्टरच्या शुभेच्छा, दोन दिवस उशिरा का होईना. आम्ही इकडे ठीक आहोत. आईचे गुडघे दुखतात, पण जिभेला काही झालेलं नाही, तेव्हा काळजी नसावी.

पाटाची सफाई गेल्या महिन्यात उरकली. प्रत्येक घरातून एक माणूस लागतो, आपल्या घरातून दरवर्षीप्रमाणे माझी डेल्फिनाच फावडं घेऊन गेली. पाटकरी म्हणाला, "युफेमिया, यंदा तुझा भाऊ येणार होता ना?" मी म्हटलं, "त्याच्या कमरेत उसण भरलीय." दर मार्चमध्ये तुझ्या कमरेत उसण भरते हे आता अख्ख्या गावाला पाठ झालंय. सफरचंदाला मोहोर चांगला आला होता, पण परवा रात्री कडाक्याच्या थंडीने दव गोठलं आणि वरच्या वाफ्यातली झाडं काळवंडली. खालची वाचतील असं वाटतंय.

तुझं पत्र मिळालं. फोनवरच बोलले असते, पण फोन स्वयंपाकघरात आणि फोनच्या खाली आईची खुर्ची. म्हणून लिहिते.

तर मेडिकल कॉलेजात कुणा बाईने फोन केला, की तुमचा अन्सेल्मो त्रुहियो तुम्ही समजता तसा मुलगा नाही. आणि आता चौकशी होईपर्यंत पोराची जागा टांगून ठेवलीय. वाईट वाटलं रे. खरंच वाटलं. पोरगं अभ्यासू आहे, मनाने चांगलं आहे, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. फक्त हा अन्सेल्मो कोण, ते समजायला मला जरा वेळ लागला. बावीस वर्षं आम्ही त्याला सॅम म्हणतोय. बाप्तिस्म्याला बाबांचं नाव ठेवलं होतं खरं, पण चर्चच्या पायऱ्या उतरतानाच शेरिल म्हणाली होती, "हे नाव शाळेत कुणाला उच्चारता येणार?" आणि तू मान डोलावली होतीस. मी शेजारीच उभी होते.

मजकूरही तू तयार करून पाठवलास. वकील तो वकीलच. मी फक्त सही करायची. "माझा भाचा लहानपणापासून आमच्या मेक्सिकन-अमेरिकन वस्तीत वाढला, त्याने आमच्या हालअपेष्टा पाहिल्या." पाहिल्या, हे खोटं नाही. गाडीच्या खिडकीतून पाहिल्या. उन्हाळ्यात तू त्याला आठवडाभर आणून सोडायचास, तेव्हा आई त्याला टोपी घातल्याशिवाय अंगणात जाऊ द्यायची नाही. डेल्फिना बिनटोपीची मिरचीच्या वाफ्यात माझ्याबरोबर वाकलेली असायची. आई दारातून ओरडायची, "गोऱ्या, सावलीत ये!" डेल्फिनाला कुणी सावलीत बोलावलं नाही. तिचं काय काळं व्हायचं राहिलं होतं!

आणि 'मेक्सिकन' हा शब्द तुझ्या हाताने लिहिलेला पाहून मला घेरीच यायची बाकी राहिली. ह्या घरात तो शब्द फक्त शिवी द्यायला वापरतात. लहानपणी मी पाय न धुता आत आले की आई म्हणायची, "मेक्सिकन आहेस का?" तूही ऑफिसातल्या लोकांना जेवायला बोलवायचास तेव्हा सांगायचास, आमचं स्पॅनिश घराणं, स्पेनच्या राजाच्या काळापासूनची जमीन. मी आत तुझ्या पाहुण्यांसाठी पोळ्या लाटत होते, सगळं ऐकू येत होतं.

असो. पत्राच्या शेवटी लिहितोस, "कुणाच्या पोटात दुखतंय हे तुला ठाऊक आहे." आहे ठाऊक. तुझा रोख डेल्फिनावर आहे.

माझ्या पोरीनेही त्याच कॉलेजात अर्ज केला होता, हे तुला आठवतंय म्हणजे. तिला मार्चमध्ये नकार आला. त्यावर तू एक ओळ लिहिली नाहीस, फोन केला नाहीस, आणि आता आठवण झाली ती अशी. मी ह्या विषयावर काही बोलणार नव्हते. पण तू काढलास म्हणून एक गोष्ट सांगते, जी तुझ्या मुलाने तुला सांगितली नसेल.

गेल्या जूनमध्ये बाबांच्या वर्षाच्या प्रार्थनेला तुम्ही आलात, तेव्हा दोघं पोरं स्वयंपाकघरात अर्ज घेऊन बसली होती. सॅम तिला म्हणाला, "डेल्फी, तिथे मेक्सिकन-अमेरिकनवर खूण कर. आमच्या कॉलेजातल्या बाईंनी सांगितलंय. ज्यांच्यात डॉक्टर कमी आहेत त्यांना ते लोक आधी बघतात. नुसतं स्पॅनिश लिहिलंस तर त्यात धरत नाहीत." चांगल्या मनानेच सांगितलं त्याने. डेल्फिना म्हणाली, "आजीला विचारते." आई पलीकडे शेंगा निवडत होती. तिने टोपलीच खाली आदळली.

"काय? मेक्सिकन? माझ्या घरात?"

"आजी, नुसती खूण करायची आहे."

"आपण राजाच्या माणसांबरोबर आलो, नदीच्या पलीकडून चोरून नाही आलो! स्पॅनिश लिही. आणि तोंड बघ उन्हाने कसं झालंय तुझं, म्हणून तर लोकांना वाटतं."

डेल्फिनाने स्पॅनिश लिहिलं. सॅम हसला, त्याने मला डोळा मारला आणि आपले कागद आजीला न दाखवता घडी करून ठेवले. झालं ते एवढंच. डेल्फिना स्वतः म्हणते, "आई, माझे मार्कही सॅमपेक्षा थोडे कमी होते, सगळं त्या खुणेवर ढकलू नकोस." शनिवार-रविवार दवाखान्यात म्हाताऱ्यांचे पाय धुऊन ते मार्क मिळवले होते, हे ती सांगत नाही. मी सांगते.

तिने कॉलेजला फोन केलेला नाही. माझा शब्द आहे. तुझ्या मजकुरावर मी अजून सही केलेली नाही, विचार करते आहे.

आई तुला पापा सांगते. सॅमला गाडी हळू चालवायला सांग म्हणते.

तुझी बहीण
युफेमिया


ला सिएनेगिता
३ मे १९९८

प्रिय नाझारियो,

सप्रेम आशीर्वाद. तू परवा फोनवर जे ओरडलास ते आईलाही ऐकू गेलं. मी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला होता तरी. तुझा आवाज बाबांवर गेलाय, पाटाच्या ह्या काठावरून त्या काठाला जायचा.

फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "नाझारियो का चिडलाय, माझा गोऱ्या?" मी म्हटलं, काही नाही, कॉलेजात कुणीतरी सॅमविषयी फोन केला म्हणे. तर ती सुईत दोरा ओवतेय, मान वर न करता म्हणते, "कुणीतरी कशाला? मीच केला."

नाझारियो, फोन करणारी बाई ती ही.

झालं होतं असं. त्या साप्ताहिकात सॅमचं नाव छापून आलं, ज्याची कात्रणं तू पाठवली होतीस त्याच. त्यात लिहिलं होतं की खोऱ्यातल्या मेक्सिकन-अमेरिकन घराण्यातला मुलगा डॉक्टर होणार. आपल्या घरी मी ते आईला वाचून दाखवलं नव्हतं, मुद्दामच. पण एदुविहेन शेजारीण कशाला आहे? चाळीस वर्षं आईने तिला ऐकवलंय की तुझे आजोबा मेक्सिकोतल्या चिवावाहून गाढवावर बसून आले. तिने कात्रण आणलं, आईच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "अभिनंदन हो हेनोवेवा! तुमचा नातू आमच्यातला निघाला की!"

आई दोन दिवस जेवली नाही. मला वाटलं पोट बिघडलंय, मी आपली पुदिन्याचा काढा देत राहिले. तिसऱ्या दिवशी मी बाजाराला गेले आणि तिने कॉलेजला फोन केला. नंबर कसा लावला ते विचारू नकोस, लावला. तिकडे आपली भाषा बोलणारी कुणी पोरगी होती. आई सगळं जसंच्या तसं सांगते, अभिमानाने सांगते.

"मी नीट अदबीने बोलले. म्हटलं, बाळ, तुमच्याकडून एक चूक झालीय. तुम्ही माझ्या नातवाला मेक्सिकन लिहिलंय. तो मेक्सिकन नाही, आमच्यात कुणीच नाही. पोराला समोर बसवून तुम्ही बघितलं नाही का? हिरवे डोळे, केस गवतासारखे. बाप वकील, डोंगरावर घर. त्याला कसली कमी आहे म्हणून तो मेक्सिकन असेल? ती म्हणाली, थांबा हं आजी, मी लिहून घेते. फार गोड पोरगी. सगळं लिहून घेतलंन."

मला हसावं की रडावं कळेना. खरं सांगू, हसलेच. मग न्हाणीत जाऊन नळ सोडला आणि तोंड धुत बसले.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तशी आपली आई. जमीन गेली, मेंढ्या गेल्या, राजाचं ते फर्मान कुणी कधी पाहिलं नाही, पण पीळ आहे तो आहे. आणि तिने तो पीळ एकटीने नाही सांभाळला, आपण सगळ्यांनी सांभाळला. माझ्या लग्नाच्या फोटोतसुद्धा तिने मला सांगितलं, "काळे, जरा मागे हो, तू पुढे आलीस की फोटो काळा येतो." नवरी मी होते! फोटोत पुढे तू आहेस.

मी तिला अजून सांगितलेलं नाही की तिच्या त्या फोनने सॅमची जागा धोक्यात आलीय. तिला वाटतंय की चूक दुरुस्त झाली. रोज विचारते, "कॉलेजवाल्यांचं पत्र आलं का? माफी मागतील ते." आपण दोघांनी तोंड मिटून ठेवलं तर तिला कळायचं कारण नाही. ती एक्याऐंशी वर्षांची आहे. तिने आयुष्यात जे केलं ते तुझ्यासाठी केलं, आणि तुझ्यानंतर तुझ्या पोरासाठी.

आता तू डेल्फिनाची माफी माग. फोनवर नको, दोन ओळी लिही. वकिलाला दोन ओळींना किती वेळ लागतो?

तुझा मजकूर परत पाठवते आहे. मी स्वतः वेगळं लिहिलंय, तेवढ्यावर सही केली आहे: तो माझा भाचा आहे, त्याच्या आजोबांची हाडं ह्या मातीत आहेत, तो सुट्टीला इथे येतो, आमच्या हातचं खातो आणि तो चांगला मुलगा आहे. ह्याहून जास्त मला लिहिता येत नाही.

खालच्या वाफ्यातली सफरचंदं वाचली.

तुझी
युफेमिया


ला सिएनेगिता
९ जून १९९८

नाझारियो,

दाखला सोबत जोडला आहे. तुला घाई आहे म्हणून आधी तेच सांगितलं. आता बाकीचं वाच. सवडीने वाच, पण वाच.

डेल्फिनाला दोन ओळी आल्या नाहीत. आला तो तुझा तिसरा कागद, की मी लिहून दिलेलं पुरेसं नाही, उलट 'सुट्टीला येतो' ह्या शब्दांनी नुकसानच झालं. आणि आता एकच उपाय आहे: फोन करणाऱ्या बाईचं डोकं ठिकाणावर नाही असा डॉक्टरचा दाखला. शिवाय आईने स्वतः पुन्हा फोन करून सांगावं की मी म्हातारी आहे, मला भ्रम झाला होता, आमचं घर मेक्सिकनच आहे. हे तू लिहिलंस. ज्या बाईने तुला शिकवायला शेवटच्या मेंढ्या विकल्या तिच्याबद्दल.

मी ते पत्र चुलीत घालणार होते. मग वाटलं, नको, तिलाच वाचून दाखवू. कबूल करते, तिला राग यावा म्हणून वाचलं. एकदा तरी तिने तुझ्यावर चिडावं, तुला दोन शिव्या हासडाव्यात, आणि त्या मी कान भरून ऐकाव्यात. तिच्या त्या फोनने काय झालंय तेही तेव्हाच सांगितलं.

तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "माझ्यामुळे त्याची जागा जाईल?"

"जाऊ शकते."

"मग वेडी म्हणा मला. त्यात काय? ह्या वयात अर्धं गाव म्हणतंच."

"आणि फोन?"

"तो नाही करणार. वेडी म्हणा, मेक्सिकन म्हणायला लावू नका. मी मेल्यावर वर तुझ्या बापाला काय तोंड दाखवू?"

मी म्हटलं, "आई, तू वेडी नाहीस. डॉक्टर खोटा दाखला देणार नाहीत."

"कोण म्हणतं खोटा? विचारू देत मला काय विचारायचं ते."

डेल्फिनाने नको म्हणून किती विनवलं! "आजी, एकदा कागदावर आलं की ते पुसत नाहीत गं. उद्या तू पोट दुखतंय म्हणालीस तरी कुणी खरं मानणार नाही." आई ऐकेना. उलट तिलाच म्हणाली, "तुझ्या भावाचं चांगलं होतंय तर तुझ्या पोटात का दुखतंय?" तुझेच शब्द. तुम्हा दोघांना शिवणाऱ्याने एकाच कापडातून बेतलंय. त्यावर डेल्फिनाने गाडीच्या किल्ल्या घेतल्या.

दवाखान्यात डॉक्टर हॅमंडनी तिला समोर बसवलं. डेल्फिना तिथेच काम करते, तिनेच आजीचं वजन घेतलं, तिनेच खुर्ची दिली. आईने काळा पोशाख घातला होता आणि कानात बाबांनी दिलेली फुलं. नटून गेली होती रे वेडी ठरायला.

आज वार कोणता? "रविवार. मी प्रार्थनेहून आले." वार बुधवार. कोणता ऋतू? "बर्फ पडतंय, दिसत नाही का?" बाहेर ऊन मी म्हणत होतं. राष्ट्राध्यक्ष कोण? "स्पेनचा राजा." हे सांगताना तिची मान अशी काही ताठ झाली की मला तोंडाला पदरासारखी शाल लावावी लागली. घड्याळ काढायला सांगितलं तर तिने सूर्य काढला, किरणांसकट. डॉक्टर भला माणूस. त्याला तिची कीव आली असावी. शेवटचा प्रश्न त्याने सोपा काढला, तिला एक तरी यावा म्हणून. डेल्फिनाकडे बोट करून म्हणाला, "बरं आजीबाई, ही कोण?"

आईने तिच्याकडे पाहिलं. नाझारियो, मी त्या बाईच्या पोटची आहे, पन्नास वर्षं तिचं तोंड वाचत आलेय, पण त्या वेळी मला काहीच वाचता आलं नाही.

"ही?" ती म्हणाली. "ही मेक्सिकन पोरगी आहे. आमच्याकडे कामाला येते."

डॉक्टरने डेल्फिनाकडे पाहिलं. डेल्फिनाने मान हलवली, लिहा म्हणून. त्याने लिहिलं. तुझ्याकडच्या कागदावर खालून दुसरी ओळ आहे बघ, 'नातीला ओळखत नाही'. तीच ओळ तुझ्या कामाची आहे, बाकीच्यात फारसा दम नाही.

गाडीत आई खूश होती. "कसं केलं? शेवटचं तर फर्मास, हो ना?" डेल्फिना गाडी चालवत होती. पुलापाशी आल्यावर तिने गाडी बाजूला घेतली, खाली उतरली आणि कठड्याला धरून उभी राहिली. मी मागोमाग गेले. मला वाटलं रडत असेल. रडत नव्हती.

"आई," ती म्हणाली, "कॉलेजचा नंबर त्या दिवशी मीच लावून दिला होता. आजीला आकडे दिसत नाहीत. ती म्हणाली, आभार मानायचेत. पण दुसऱ्याच वाक्याला मला कळलं होतं ती काय सांगतेय ते. मी तिथेच उभी होते. रिसीव्हर काढून घेता आला असता."

"मग?"

"नाही घेतला."

आईने फोनचं कबूल केलं त्या दिवसापासून हे मला ठाऊक होतं, नाझारियो. तिने सांगितलं नव्हतं, पण आईला आकडे दिसत नाहीत हे तुला ठाऊक आहे तसं मलाही आहे. मी तुला शब्द दिला तो खराच होता, फोन तिने केला नाही. जे उरलं ते मी लिहिलं नाही. आता लिहिलंय. तुला त्याचं काय करायचं ते कर, तू वकील आहेस. पण करण्याआधी एवढं ठरव, की तिने रिसीव्हर का काढून घ्यायला हवा होता. आजी खोटं बोलत होती म्हणून? ती तर जन्मभर बोलत आली तेच बोलत होती, आणि डेल्फिनाने त्याच बोलण्यावर विश्वास ठेवून खूण केली होती. सॅमने नाही ठेवला. त्याने शहाणपणा केला, मी त्याला दोष देत नाही.

त्या दिवसापासून घरात काय चाललंय ते सांगते आणि संपवते.

तुला आठवतंय, घरातून कुणी कामाला बाहेर पडलं की आई दारात बसल्याबसल्या कपाळावर क्रूस काढते. डेल्फिना कामाला लागल्यापासून रोज सकाळी वाकून तिच्यापुढे डोकं धरायची. दवाखान्याला उशीर झाला तरी, आदल्या रात्री भांडण झालं असलं तरी. आता ती मागच्या दाराने जाते. आई पुढच्या दारात बसून राहते, गाडीचा आवाज आला की हात खाली घेते.

काल जेवताना आई म्हणाली, "पोरी, अगं नाटक होतं ते. तुझ्या भावासाठी केलं."

डेल्फिनाने तिच्या ताटात भाजी वाढली. "हो बाईसाहेब. छान केलंत."

"आजी म्हण की गं."

"आणखी पोळी देऊ का, बाईसाहेब?"

आई माझ्याकडे बघायला लागली. मी उठून पाणी आणायला गेले. आई नाटक म्हणते, पण ते शेवटचं उत्तरही ठरवून दिलेलं होतं का, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. नव्हतं म्हणाली तर ती खरंच वेडी, आणि होतं म्हणाली तर त्याहून वाईट. इतकी उत्तरं चुकवायची होती तर डेल्फिनाला तिने राणी म्हणायला हवं होतं, मॅडोना म्हणायला हवं होतं, तिची मेलेली बहीण म्हणायला हवं होतं. तोंडात आलं ते हेच आलं.

डेल्फिनाला मी म्हटलं, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर, ह्या खेपेला तुला वाटेल तिथे खूण कर. आजीचं म्हणणं आता कागदोपत्री कुणी धरत नाही. ती हसली आणि म्हणाली, "मी काय आहे ते आजीने डॉक्टरांसमोर सांगितलंय की. आता अर्जात वेगळं काय लिहू?" अर्ज करणार की नाही ते बोलली नाही. विचारायचा मला धीर होत नाही.

दाखला आता तुझ्या हातात आहे. सॅमची जागा राहील, राहावी असंच मला वाटतं. ऑगस्टमध्ये त्याला पांढरा कोट चढवतील, तुम्ही सगळे फोटो काढाल. तू आम्हाला बोलावशील, आणि ह्या वेळी पुढच्या रांगेत उभं करशील, हेही मला कळतं. आम्ही येणार नाही.

पण जाण्याआधी त्याला एकदा इकडे पाठव. आजीपुढे गुडघे टेकू दे, कपाळावर क्रूस काढून घेऊ दे. तिचा हात रिकामा राहतोय. घाबरू नको म्हणावं, दाखल्यात काहीही लिहिलेलं असो. त्याला ती ओळखेल. फाटकाशी गाडी थांबली की आतूनच ओळखेल.

तुझी काळी बहीण
युफेमिया